'स्वतः'च्या मागे, कलकत्त्याला

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकातला न्हाव्याचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. पुस्तक न वाचलेल्यांनाही तो कुठल्यातरी भाषणातून, शाळेतल्या सुविचारांच्या तासातून किंवा २०१२ साली 'उंच माझा झोका' ही मालिका सुरू झाली तेव्हाच्या गप्पांतून कानावर आलेला असतो. माधवराव रानडे कामानिमित्त कलकत्त्यात बिऱ्हाड करून आहेत. वय चव्वेचाळीसच्या पुढे. बंगाली येत नाही याची त्यांना लाज वाटते. ते पुस्तके आणून अक्षरे गिरवतात आणि हजामतीला आलेल्या न्हाव्याकडून शब्दांचे उच्चार विचारून घेतात. तात्पर्य काढायला हा प्रसंग फार सोयीचा आहे. थोर माणसाला शिकण्याची लाज नसते, ज्ञान कोणाकडूनही घ्यावे, वगैरे. मीही वर्षानुवर्षे तो तसाच ऐकला आणि तसाच सांगितला.

या प्रसंगात आणखी एक माणूस दाराशी उभे आहे, आणि आपण जे पाहतो ते सगळे त्या माणसाच्या डोळ्यांनी पाहतो, हे माझ्या ध्यानात यायला मला स्वतःला कलकत्त्याला जावे लागले. गेले तेही कामासाठी नव्हे. काम नवऱ्याचे होते.

ते एका खासगी कंपनीत पंपांच्या विक्रीत. कोलकात्यात त्यांची चार दिवसांची बैठक होती. खोली कंपनीची, तिकीट मात्र माझे आपल्या खिशातून, असा हिशेब जमवून आम्ही गीतांजलीने निघालो. कल्याणला गाडीत बसताना शेजारच्या बाईंनी विचारले, "तुम्ही कशासाठी?" मी म्हटले, "असंच, ह्यांच्याबरोबर." हे उत्तर देताना माणूस जरा आक्रसतो. मुलुंडला आमच्या इमारतीत अशा बायका बऱ्याच आहेत. नवऱ्याची बदली झाली की भांडीकुंडी बांधायची, फिरती असली की आणि मुलांच्या परीक्षा नसल्या की जमेल तेव्हा मागे जायचे. ऑफिसातले लोक अशा बायकोला तोंडावर 'वहिनी' म्हणतात. माघारी काय म्हणतात ते मला एकदा चुकून ऐकू आले होते. 'सामान.' "त्यांचं सामान पण येतंय या वेळी."

त्या चार दिवसांत मी हॉटेलच्या खोलीत रमाबाईंचे पुस्तक पुन्हा वाचले. ते आमच्या वाचनालयातून ह्यांच्या सभासद-कार्डावर आणलेले होते. अनेक वर्षे घरात कार्ड एकच होते, आणि ते त्यांच्या नावाचे.

*

पहिल्यांदा नाव पाहू. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली निघाले. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले, म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली. याच नऊ वर्षांत रमाबाई सार्वजनिक कामात उतरल्या, १९०८ साली मुंबईत आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. लेखणी हाती घेतली तेव्हा त्या कोणाच्या मागे चालणाऱ्या नव्हत्या, त्यांच्या मागे लोक चालत होते. तरी पुस्तक रानड्यांच्या मृत्यूशी येऊन थांबते. त्यावरून दोन मते ठरून गेली आहेत. जुने मत असे, की हे रानड्यांचे घरगुती चरित्र आहे, त्यात रमाबाई निमित्तमात्र. नवे मत असे, की ही स्वतःला पुसून टाकलेल्या बाईची कहाणी आहे. दोन्ही मते एकाच जागी उभी आहेत असे मला वाटते. दोघांनाही रमाबाई पुस्तकात दिसत नाहीत. एकाला त्याचे कौतुक आहे, दुसऱ्याला वाईट वाटते, एवढाच फरक.

पण शीर्षक तसे म्हणत नाही. ते 'माझ्या' म्हणत नाही आणि 'त्यांच्या'ही म्हणत नाही. 'आमच्या' म्हणते. मराठीत 'आमच्या' आणि 'आपल्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आपल्या'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आमच्या'मध्ये तो बाहेर असतो. रानडे तर साऱ्या महाराष्ट्राचे झालेले होते, प्रत्येक सभेत 'आपले रानडे' म्हणून त्यांच्यावर हक्क सांगितला जात होता. अशा वेळी त्यांच्या पत्नीने मुखपृष्ठावरच वाचकाला उंबऱ्याबाहेर उभे केले आहे. हे आमचे, तुम्हाला ऐकायला बोलावले आहे, इतकेच.

दुसरा शब्द याहून गमतीचा आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा त्या काळचा दंडक. 'इकडून', 'तिकडे', 'स्वारी' अशी आडवळणे रूढ होती. रमाबाई बहुतेक ठिकाणी रानड्यांसाठी 'स्वतः' असा शब्द वापरतात. आजच्या वाचकाला तो अडखळवतो. 'स्वतः' आले की मन आधी लिहिणारीकडे जाते, मग क्रियापदाचे आदरार्थी बहुवचन लागते आणि कळते, हे 'ते' आहेत. पानोपानी असा अर्धा क्षण येतो, ज्यात 'स्वतः' म्हणजे ती असते. मी याला युक्ती म्हणणार नाही, तो घरातला रूढ शब्दच असणार. पण रूढ शब्दसुद्धा पुस्तकात शिरला की आपले काम करतो.

भाषांतरांनी काय केले ते पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १९३८ साली कॅथरीन गेट्स यांचे इंग्रजी भाषांतर आले. त्याचे नाव 'हिमसेल्फ', आणि खाली उपशीर्षक 'द ऑटोबायोग्राफी ऑफ अ हिंदू लेडी'. वर 'तो स्वतः', खाली 'तिचे आत्मचरित्र'. भाषांतरकर्तीला हा पेच दिसला होता आणि तिने तो लपवला नाही, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. पण 'हिमसेल्फ' म्हटले की तो अर्धा क्षण नाहीसा होतो, कारण इंग्रजीत त्या शब्दाला पुरुषाखेरीज दुसरा अर्थ नाही. पुढे १९६३ साली कुसुमावती देशपांडे यांचे भाषांतर आले, 'रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस'. कुसुमावतीबाई मराठी समीक्षेतले फार मोठे नाव, भाषांतरही स्वच्छ. शीर्षकात मात्र आधी तो, मग त्याची बायको, मग आठवणी. 'आमच्या' कुठेच नाही. दोन भाषांतरे झाली आणि दोन्हींत पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा शब्द गळाला.

*

आता फिरतीकडे येते. रमाबाई म्हणजे माहेरच्या कुर्लेकर, साताऱ्याकडच्या देवराष्ट्र्याच्या. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी, लग्न झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे बिजवर. त्यांनी तिला लगेच पाटीवर अक्षरे काढायला लावली, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्याची शिक्षा तिला द्यायला सुरुवात केली. पुण्याच्या वाड्यातला हा छळ पुस्तकात बराच आहे. टोमणे, अबोला, कामाचे डोंगर. नवरा शिकवतो म्हणून शिकायचे आणि शिकते म्हणून घरातल्यांचे ऐकून घ्यायचे, अशी ती दुहेरी कात्री.

पण पुस्तकाचा भूगोल हाताशी घेऊन वाचले तर एक गोष्ट दिसते. पुण्यातल्या पानांत रमाबाई खाली मान घालून असतात. गाव सुटले की मान वर होते. १८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली, १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत धुळ्याला. सरकारच्या दृष्टीने ही बदली संशयातून झालेली, रानड्यांच्या पत्रांवरही नजर होती. राजकीय इतिहासात हा काळ त्यांच्या कसोटीचा म्हणून नोंदवलेला आहे. त्यांच्या पत्नीच्या दृष्टीने हाच काळ वेगळा आहे. घरात सासवा-नणंदांचा पहारा नाही आणि इंग्रजीचा अभ्यास उजळ माथ्याने करता येतो. पुढे शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली रानडे पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतून फिरत. त्या फिरतीतही त्या बरोबर. करमाळ्याच्या मुक्कामात रानड्यांना आलेले जिवावरचे दुखणे त्यांनी जे लिहिले आहे ते वाचताना आजही पोटात गोळा येतो. डॉक्टर दूर, गाव परके, निर्णय आपला. 'मागे जाणारी' बाई त्या रात्री पुढे होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की या पुस्तकाचा कणा पुण्याचा वाडा नव्हे, मुक्काम आहे. पतीच्या नोकरीने तिला घरातून काढून नेले आणि त्या काढून नेण्यातच तिला जागा मिळाली. हे मुद्दाम मिळवून दिलेले स्वातंत्र्य नव्हे, नोकरीच्या नियमांतून सांडलेले आहे. सांडलेले असले तरी तिने ते गोळा केले.

*

या सगळ्याचा कळस कलकत्ता. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने खर्चात काटकसर सुचवण्यासाठी फायनान्स कमिटी नेमली. लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय होते, कमिटीचे अध्यक्ष चार्ल्स इलियट. मुंबई इलाख्यातून रानड्यांना घेतले. सरकार उन्हाळ्यात सिमल्याला आणि हिवाळ्यात कलकत्त्याला, त्यामुळे कमिटीही तशीच. कलकत्ता तेव्हा साम्राज्याची राजधानी. रस्त्यावर घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचे दुसरे अधिवेशन दादाभाई नवरोजींच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. मुंबईच्या माणसालाही ते शहर गजबजलेले वाटले असेल.

आणि रमाबाईंच्या कलकत्त्यात आपल्या लक्षात राहते ते काय? एक दार. त्या दारातून शहर आत येते. पहिल्यांदा येतो वर्तमानपत्र विकणारा. त्याच्याकडे बंगाली पत्र असते. रमाबाई ते नको म्हणतात, कारण वाचता येत नाही. घर चालवणाऱ्या बाईचे ते साधे, व्यवहारी उत्तर आहे. रानडे ते ऐकतात आणि पत्र घ्यायला लावतात. ज्या प्रांतात राहायचे तिथली भाषा येऊ नये हे त्यांना लाजिरवाणे वाटते. तात्पर्यवाले लोक इथे रानड्यांकडे पाहतात. मी सांगणारीकडे पाहते. गोष्टीची सुरुवात तिच्या नकारापासून झाली आहे आणि तिने तो नकार वगळलेला नाही. आपली चूक आपणच प्रस्तावना म्हणून वापरायला लेखकाची जात लागते.

मग न्हावी. आत कोणाशी तरी बोलणे चालले आहे, शब्द वाचले जात आहेत, कोणीतरी ते दुरुस्त करते आहे. ती पाहते तो काय, समोर न्हावी, आणि होणारे हायकोर्ट जज्ज त्याला उच्चार विचारताहेत. ती हसते, आणि नुसती हसून थांबत नाही. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, पण त्यांत न्हावी असल्याचे काही ऐकले नव्हते, अशा आशयाची थट्टा ती नवऱ्याची करते.

या थट्टेवर जरा थांबायला हवे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. पृथ्वी, वायू, आकाश येतात, अजगर येतो, मधमाशी येते, पिंगला नावाची वेश्याही येते. न्हावी नाही. म्हणजे थट्टा नेमकी आहे. पोथी कानावरून गेलेल्या, घरी कीर्तनपुराणांत वाढलेल्या मुलीची ही थट्टा आहे आणि ती इंग्रजी-संस्कृतात मुरलेल्या नवऱ्यावर तिच्या घरच्या हत्याराने केलेली आहे. पुण्याच्या वाड्यात ती अशी मोठ्याने हसली असती का? सासवांच्या कानांच्या टप्प्यात? मला वाटत नाही. परक्या शहरात, परक्या भाषेच्या मधोमध, नवरा-बायको एकमेकांना मोकळे सापडले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९१० साली, रानड्यांचे पुतळे करण्याच्या दिवसांत, त्यांच्या विधवेने हे हसू छापून ठेवले. ज्यांना हे पुस्तक निव्वळ पतिभक्तीचे वाटते त्यांनी हे पान पुन्हा काढून पाहावे.

प्रसंग इथेही संपत नाही. पुढे रानडे तिला बंगाली शिकवतात. साखळी अशी बनते: न्हावी, न्हाव्याचा शिष्य, शिष्याची शिष्या. ज्या बाईने वर्तमानपत्र परत पाठवले होते ती थोड्याच काळात बंगाली वाचू लागते. रानड्यांच्या डोळ्यांना त्रास असे, त्यांना वाचून दाखवणे हे तिचे नेहमीचे काम होते. त्यामुळे हे शिक्षण कामाचेही होते, नुसती हौस नव्हती.

आता तक्रार. हे प्रकरण मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा एका प्रश्नाशी येऊन अडते. कमिटीच्या कामाचे तास लांबलचक असणार. त्या तासांत ती काय करत होती? पुस्तकातला वेळ 'स्वतः' घरी आले की सुरू होतो. ते बाहेर पडले की घड्याळ बंद. कमिटीत काय चालले याविषयी तर काहीच हाती लागत नाही. अर्थकारणाच्या अभ्यासकाने या आशेने पुस्तक उघडू नये. रमाबाईंच्या लेखनातली ही खरी उणीव आहे आणि ती भक्तीच्या नावाखाली झाकण्यात अर्थ नाही. त्यांनी आपले एकटीचे तास लिहिण्यासारखे मानलेच नाहीत. बंगालीचा धडा तयार करण्याचे काम तेवढे त्या बंद तासांतून बाहेर डोकावते. धडा रात्री द्यायचा असेल तर तो दुपारी केलेला असणार. त्या दुपारीच मला हव्या आहेत.

मी चार दुपारी तशा काढल्या. पहिल्या दिवशी खोलीत टीव्ही लावून बसले. दुसऱ्या दिवशी ट्रामने कॉलेज स्ट्रीटला गेले. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या दुकानात ईश्वरचंद्र विद्यासागरांचा 'वर्णपरिचय' मिळाला. १८५५ सालचे हे अंकलिपीसारखे पुस्तक अजून चहाच्या किमतीला विकले जाते. विकणाऱ्याने विचारले, नातवंडासाठी का? मी म्हटले, माझ्यासाठी. त्याने वर पाहिले आणि पहिल्या पानावरची अक्षरे मला स्वतःच म्हणून दाखवली. 'अ'चा 'ऑ' करून. संध्याकाळी हे दमून आले तेव्हा मी त्यांना बारसुद्धा अक्षरे म्हणून दाखवली. ते बूट काढता काढता म्हणाले, "आज ऑर्डर गेली हातातून." मग आम्ही जेवायला गेलो.

*

कलकत्त्यात त्याच दशकात आणखी एक मराठी मुलगी नवऱ्याच्या नोकरीमागे आली होती. तिचेही माहेरचे नाव यमुनाच. आनंदीबाई जोशी. गोपाळराव पोस्टात, बदल्यांमागून बदल्या, आणि १८८१ साली बंगाल. रमाबाई तिथे पोचण्याच्या तीन वर्षे आधीच, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई त्या बंदरातून अमेरिकेच्या जहाजावर चढलेल्या होत्या. जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात तिने इंग्रजीत भाषण केले. वय अठरासुद्धा नाही. त्या भाषणात तिने रस्त्यावरचा अनुभव सांगितला आहे. मुंबईत पुस्तके घेऊन शाळेला निघाले की लोक जमत, हसत, खडे मारत. आणि स्ट्रँडवर फिरायला गेले तर बाबू लोक थांबवून विचारत, कोण तुम्ही, जात कोणती, कुठून आलात, कुठे चाललात.

दोन यमुना, एकच शहर. एकीला शहर दारातून भेटले, दुसरीला रस्त्यावर. रमाबाईंच्या कलकत्त्यात हसू आहे, आनंदीबाईंच्या कलकत्त्यात वाटेत अडवून विचारलेले प्रश्न आहेत. मला हा फरक केवळ स्वभावाचा वाटत नाही. रानडे कमिटीचे सन्माननीय सभासद, नोकरचाकरांसह बिऱ्हाड. गोपाळराव पोस्टातले नोकर. नवऱ्याच्या मागे जाणारी बाई शहरात कुठल्या उंचीवरून शिरते हे नवऱ्याच्या हुद्द्यावर ठरते, आणि म्हणून तिला कुठले शहर दिसते हेही. रमाबाईंच्या पुस्तकावर प्रेम करताना हे विसरता कामा नये. तिला न्हावी विनोदी वाटला, याचे एक कारण तो तिला कुठे चाललात असे विचारू शकत नव्हता.

उलट दिशेचाही एक प्रवास आहे आणि तो मराठीत फारसा कोणी या संदर्भात आणत नाही. सत्येंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे वडील बंधू, आय.सी.एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ. नेमणूक मुंबई इलाख्यात. १८६४ साली त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी मुंबईला आली. तोवर ठाकूरवाड्याच्या अंतःपुरात वाढलेली, बाहेर पडायचे तर नेसायचे काय हाच प्रश्न. मुंबईत तिने पारशी बायकांचे नेसणे पाहिले, ते आपल्या सोयीने बदलले, पोलके घालून पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि तो प्रकार कलकत्त्याला नेला. ब्राह्मसमाजी घरांतून तो पसरला. सत्येंद्रनाथांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले ही वाङ्मयीन देवाणघेवाण म्हणून आपण अभिमानाने नोंदवतो. त्यांच्या पत्नीने नेलेला पदर मात्र 'फॅशन' या सदरात जातो. मुंबईची खूण बंगालमध्ये अधिक कोणी उमटवली, याचे उत्तर कोलकात्याच्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहून देता येते.

मराठीत या परंपरेचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये 'स्वतः'चे सरळ 'टिळक' करून टाकले. त्यांच्या बाबतीत मागे जाण्याचा प्रश्नच वेगळा होता, कारण टिळक न सांगता निघून जात आणि ते कुठे आहेत हे शोधणे हाच प्रवास असे. मग पुरुष लिहू लागले. १९५८च्या सुमारास पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी बीबीसीत गेले, सुनीताबाई बरोबर होत्या, आणि १९६० साली 'अपूर्वाई' आली. त्या पुस्तकाने दोन पिढ्यांना लंडन दाखवले, मलाही. पण बरोबर गेलेल्या बायकोचे पात्र त्यानंतर मराठी प्रवासवर्णनात विनोदाच्या खुंटीला कायमचे टांगले गेले. खरेदी, पिशव्या, सूचना. 'उपदेशपांडे' हा शब्द पुलंचा, प्रेमाने केलेला, त्यांना शोभला. त्यांच्यामागून लिहिणाऱ्यांना शोभला नाही. गंमत अशी, की बंगालीचे वेड पुलंनाही लागले. पन्नाशीत ते शांतिनिकेतनात जाऊन शिकले आणि 'वंगचित्रे' लिहिले. न्हाव्याच्या त्या प्रसंगाची आठवण त्यांना तिथे झाली असती तर ती त्यांनीच सर्वांत चांगली सांगितली असती.

*

या लेखाचा कच्चा मसुदा मी आमच्या मुलुंडच्या चार मैत्रिणींना वाचून दाखवला. आम्ही महिन्यातून एकदा कोणाच्यातरी घरी जमतो, पुस्तक ठरवतो, निम्मा वेळ पुस्तकावर बोलतो. त्यांच्यातली एक निवृत्त शिक्षिका ठामपणे म्हणाली, "तू उगाच मोकळेपणा शोधतेस. ती ड्युटीवर होती. स्वयंपाक, पाहुणे, नवऱ्याचं पथ्य, वाचून दाखवणं. कलकत्ता काय नि करमाळा काय, तिची पाळी संपतच नव्हती." मी यावर बरेच दिवस विचार केला. तिचे अर्धे खरे आहे. बंगालीसुद्धा आज्ञेने शिकली गेली, हे मला नाकारता येत नाही. रानड्यांनी तिला शिकायचे की नाही असे विचारल्याचे कुठे दिसत नाही. पण आज्ञेने शिकलेली भाषा शिकून झाल्यावर आज्ञा देणाऱ्याची राहत नाही. आणि थट्टा करण्याची तर आज्ञा कोणी दिली नव्हती.

दुसरा एक आक्षेप एका चर्चासत्रात ऐकावा लागला. मी पदवीनंतर शिकलेले नाही, जे वाचले ते वाचनालयातून, लोकलच्या प्रवासात आणि मुले झोपल्यावर. त्या सत्रात एका विद्वानांनी मला विचारले, की तुमची अभ्यासपद्धती काय? मला सांगता आली नाही. घरी येऊन वाटले, सांगायला हवे होते: बरोबर जाणे. दुसऱ्याच्या कामाने जिथे नेले तिथे डोळे उघडे ठेवून बसणे आणि तो परत यायच्या आत दुपारी अभ्यास करणे. ही पद्धत कमी दर्जाची असेल. पण १८८६-८७ सालच्या कलकत्त्याच्या एका बिऱ्हाडात सकाळी काय घडले हे आपल्याला फायनान्स कमिटीच्या अहवालातून कळलेले नाही.

ह्यांची निवृत्ती गेल्या मार्चमध्ये झाली. वाचनालयाचे दुसरे कार्ड मी त्याच आठवड्यात काढले. अर्जावर 'पतीचे नाव' अशी रकाना अजून आहे, तो भरला. ज्ञानदानंदिनीबद्दल बंगालीत जे छापलेले आहे ते मुळातून वाचण्यासाठी येत्या डिसेंबरात अलीपूरच्या नॅशनल लायब्ररीत आठ दिवस बसायचे ठरवले आहे. तिकीट काढताना हे म्हणाले, "मीही येतो." मी म्हटले, "अहो, मी दहा ते सहा आत असेन. तुम्ही दिवसभर काय कराल?" त्यांनी थोडा विचार केला, मग कपाटातून तो पिवळा पडलेला 'वर्णपरिचय' काढला आणि चष्मा शोधू लागले.